गिरडच्या अलीकडे उतरलो तेव्हा

विमान चालवण्याचा परवाना मला मेहनतीने मिळाला, असं माझ्या घरी सगळे मानतात. मेहनत केली हे खरंच आहे. पण एका कागदावर मी एक वाक्य लिहिलं नसतं, तर ती वाया गेली असती. ते वाक्य खोटं होतं.

मी कोकणातला. सातवीची फायनल झाली आणि शाळा सुटली ती सुटलीच. घरापासून इतक्या लांब, विदर्भातल्या एका फ्लाइंग क्लबात मी आधी विमानं पुसायला लागलो, मग पंखा फिरवायला. पन्नास सालानंतरची ती वर्षं. शिकाऊ विमानाला तेव्हा स्टार्टर नसे. पुढचा लाकडी पंखा हाताने हिसका देऊन फिरवायचा, इंजिनाने पकड घेतली की चटकन मागे सरायचं. इन्स्ट्रक्टर साहेबांनी तीन वर्षं माझं काम पाहिलं आणि एक दिवस कमिटीपुढे सांगून टाकलं, "याला मी शिकवतो. जबाबदारी माझी."

"सातवी पास?" कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, "उद्या टांगेवाल्यालाही शिकवाल!"

सगळे हसले. मी दाराशी उभा होतो, मीही हसलो. शेवटी परवानगी मिळाली, पण अटीवर. पहिली चूक झाली की नाव कमी. त्या दिवसापासून जी भीती बसली, ती पुढे कित्येक वर्षं निघाली नाही. साहेबांचे उपकार मोठे होते, आणि उपकाराचं ओझं माणसाला धड झोपू देत नाही.

परवान्यासाठी एकट्याने लांबचं उड्डाण करावं लागे. माझा मार्ग सोपा होता. रेल्वेचे रूळ धरून वर्ध्याला जायचं, स्टेशनावर वळायचं, परत यायचं. थंडीचे दिवस होते, कापसाची वेचणी चाललेली. सकाळचा धूर आणि धुकं खाली गोधडीसारखं पसरलेलं. वर्ध्याच्या आधी रूळ फुटतात, एक फाटा वर्ध्याला, एक हिंगणघाटकडे. तो फाटा मला दिसलाच नाही. मी बराच वेळ हिंगणघाटचे रूळ धरून चाललो, आणि वर्धा येईना तेव्हा घाबरून रूळच सोडले, डावीकडे वळलो. ते तर अधिकच चुकलं. थोड्या वेळाने धुक्यातून एक टेकडी वर आली, माथ्यावर पांढरी इमारत. गिरडचा दर्गा. नकाशावर तो पाहिला होता म्हणून ओळखला. अलीकडे एक मोकळा माळ दिसला. शांतपणे नकाशा पाहावा, दिशा पक्की करावी, म्हणून उतरलो. उतरताना इंजिनही बंद पडलं.

दहा मिनिटांत शे-दीडशे माणूस जमलं.

"पेट्रोल सरलं का जी?"

"नाही, रस्ता चुकलो."

"घ्या! हवेत बी रस्ते चुकतेत का, बाप्पा!"

हसण्याची एक लाट गेली. गर्दीतून एक मिशीवाले गृहस्थ पुढे आले. लढाईत मिलिटरीचा ट्रक चालवलेले. गाव त्यांना हवालदार म्हणे. त्यांनी गर्दी मागे हटवली, चाकांना दगड लावून घेतले, हिंगणघाट कुठे आणि वर्धा कुठे ते काठीने मातीत काढून दाखवलं. घरून भाकर आणि वांग्याची भाजी आणवली. इतक्या वर्षांत कुणी मला बसवून जेवू घातलं नव्हतं.

"तुमची माय कुठं राहते, भाऊ?" हवालदारांच्या बायकोने विचारलं.

"कोकणात."

"तिले ठाऊक हाय का, तुमी असे हवेत फिरता तं?"

"नाही. मोटारीच्या कारखान्यात आहे असं कळवलंय."

"मंग आमीच ओवाळतो," असं म्हणून ती ताट घेऊनच आली. मला कुंकू लावलं, विमानाच्या पंख्याला लावलं, चाकांना लावलं. मग डाव्या पंखाच्या खांबापाशी थांबली. तिथे दोन बारीक नळ्या पुढे निघालेल्या असतात. त्यांतल्या एकीत वारा शिरतो तेव्हा वेग दाखवणारा काटा हलतो.

"हे शिंगं होय का जी याचे?"

"शिंगंच समजा, वहिनी."

"मंग कोरे काऊन ठेवले? पोळ्याले बैलाचे शिंगं कोरे ठेवत नाई आमी."

आणि तिने ओली हळद चांगली बोटाने दाबून नळ्यांच्या तोंडांना लावली, वर कुंकू. मी समोर उभा राहून पाहत होतो. बसण्याआधी विमानाभोवती फिरून प्रत्येक भागावरून स्वतःचा हात फिरवायचा, हा साहेबांचा पहिला धडा. मला सगळं कळत होतं. पण सवाशिणीने लावलेलं कुंकू तिच्या डोळ्यांदेखत पुसायचं कसं? जेवू घातलंय, ओवाळलंय, आणि मी खिशातून फडकं काढून पुसू लागलो तर? हात उचलेना. निघताना पलीकडच्या बाजूने जाऊन हळूच पुसू, असं मनाशी ठरवलं.

निघताना घाई झाली. हवालदार आत बसले, मी सांगितल्याप्रमाणे विमान चालवायची दांडी पोटाशी ओढून धरली. चार गड्यांनी शेपूट धरलं. मी पंखा फिरवला. तिसऱ्या हिसक्याला इंजिन लागलं. ते उतरले, मी चढलो. पुसायचं राहिलं.

जमीन सुटली तरी वेगाचा काटा शून्यावरच. पंखांमधल्या तारांतून वाऱ्याचा आवाज कसा येतो त्यावरून वेग ओळखत मी क्लबवर परत आलो. धावपट्टीवर विमान इतक्या जोरात आपटलं की शेपटीखालची पट्टी मोडली. मेकॅनिकने नळीत तार घातली, तर पिवळा चोथा बाहेर आला. त्याने तो बोटावर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

कमिटीने लेखी निवेदन मागितलं. दोन दिवस मी कोरा कागद समोर घेऊन बसलो. धुक्यात रस्ता बऱ्याच जणांचा चुके, ते चालून गेलं असतं. नळी बुजताना पाहिलं आणि गप्प राहिलो, हे चालून गेलं नसतं. खरं लिहिलं तर माझं नाव कमी होणार, आणि माझ्यामागोमाग साहेबांचा शब्दही खाली पडणार. शेवटी लिहिलं: मी दिशा विचारण्यात गुंतलो असताना, माझ्या नकळत, गावकऱ्यांनी विमानाशी छेडछाड केली.

साहेबांनी वाचलं.

"नकळत?"

"हो, सर."

त्यांनी पेनाचं टोक त्या शब्दाखाली टेकवलं. मग सही केली. मला ताकीद मिळाली, नाव राहिलं. पुढच्या वर्षी परवाना हातात आला.

परवाना मिळाल्यावर पहिल्या सुट्टीत रेल्वेने हिंगणघाटला उतरलो, तिथून बस, मग पायी. मला त्यांना सगळं सांगून टाकायचं होतं. वाटभर वाक्य जुळवत गेलो. हवालदार ओट्यावर बसले होते.

"या जी, या! आज जमिनीवरून आले का?"

चहा झाला. मग त्यांनी आपणहून काढलं. माझ्या मागून आठ-पंधरा दिवसांत पोलीस आले होते, क्लबाने लिहून कळवलंय म्हणत. विमानाची छेडछाड कुणी केली म्हणून.

"चार खेपा झाल्या ठाण्यात. म्या म्हनलं, साहेब, म्या तं नुसती दांडी धरून बसलो होतो, अन् बाकीच्यायनं शेपूट!" ते स्वतःच हसले. मग आवाज खाली आला. "सरकारी बसवर ड्रायव्हर म्हनून नाव लागलं होतं माझं. वागनुकीचा दाखला ठाण्यात अडकला. तवर दुसऱ्याले घेतलं."

आता सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात त्यांची बायको दारातून म्हणाली, "माह्यानं झालं का जी हे? म्या लावलं म्हनून?"

"नाही, वहिनी. तुमचं काही नाही."

"मंग असं लिहिलं कोनं?" हवालदार म्हणाले. "तुमच्या साहेबानं असन. तुमी तं असं लिहनार नाई."

मी ओट्याच्या शेणाने सारवलेल्या कडेकडे पाहत होतो.

"हो," मी म्हणालो. "साहेबांनीच."

ज्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता त्यांच्यावर मी ते ढकललं, आणि तेही सहज. हवालदारांनी मान हलवली.

"मोठ्या लोकायले कागद सांभाळा लागतात. तुमचं काई गेलं नाई ना? मंग झालं."

मी परवाना मिळाल्याचं सांगितलं. ते खरोखर खूश झाले, दाखवा म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, फोटो पाहिला, इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि बायकोपुढे धरला. ती पदराला हात पुसत पुढे आली, आणि मधेच थांबली.

"नाई," ती म्हणाली. "तुमीच धरा. म्या दुरूनच पाह्यतो."