हाड भरल्यावर

शाळेत माझा चौथा तास सुरू होता. लांजीहून मावशीच्या शेजाऱ्यांचा फोन आला, “सरजी, मौसी गिर गई हैं… बोल नहीं पा रहीं.” मी पोहोचलो तेव्हा वत्सलामावशी डोळ्यांनी ओळख देत होती, शब्द फुटत नव्हता. बालाघाटच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “बीपीची गोळी बंद होती का?” मी छातीठोकपणे ‘नाही’ म्हणालो. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मावशी प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. एकटी राहायची, आणि समजल्याशिवाय काही गिळायची नाही, मग तो सल्ला असो की औषध. घरातल्या प्रत्येक डब्यावर तिच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी. गेल्या वर्षी अंगणात घसरून मनगट मोडलं, हाडं ठिसूळ निघाली, कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याच सुमारास तिने विचारलं, “प्रकाश, हे बीपीची गोळी करते तरी काय रे?”

मी जीवशास्त्राचा मास्तर, मला तेवढंच हवं होतं. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतात, त्यांच्या पेशींत कॅल्शियम शिरलं की ते आवळतात, नळी अरुंद होते, दाब चढतो. गोळी ती दारं लावून घेते… कागदावर चित्रसुद्धा काढलं.

“म्हणजे कॅल्शियमले आत येऊच देत नाही?”

“हौ मावशी, एकदम बरोबर!”

तिने तो कागद घडी करून ठेवून घेतला. मला वाटलं, समजलं. हाडांचं कॅल्शियम या गोळीने अडत नाही, हे एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. त्याची लाज मला जन्मभर पुरेल.

दिवाळीत म्हणाली, “मानंत लय जड लागून राह्यलं.” गोळी घेतेस ना, विचारलं, तर मनगट पुढे केलं, “पाह्य, हाड कसं जुडलं!” बीपी मोजायला मशीन काढलं, तर हात पदराखाली. मी हसलो आणि फराळाला बसलो.

तेरावं झाल्यावर औषधांचा स्टीलचा डबा उघडला. कॅल्शियमची पाकिटं रिकामी. बीपीच्या गोळ्यांची पाकिटं मात्र न फोडलेली, माझ्याच चित्राच्या कागदात नीट गुंडाळलेली. वर चिठ्ठी: ‘हाड पुरतं भरल्यावर सुरू करणे.’

तो डबा आता माझ्या टेबलावर आहे. पुढच्या आठवड्यात वर्गात तोच धडा येतो. पोरं माना डोलावतील, आणि कोण काय समजून घरी गेलं, हे मला कळणार नाही.