केझायाच्या बॉबिनचे मणी

इंग्लंडमधल्या ओल्नी गावात चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी बायका आपापल्या उशा घेऊन लेस विणायला जमत. ही लेस घट्ट भरलेल्या उशीवर, दोरा गुंडाळलेल्या बारीक काड्यांनी, म्हणजे बॉबिनांनी विणतात. आजारपणानंतर एनिड टेबट मात्र नुसती बघायला येई. हात थरथरतो हे कुणाला दिसू नये म्हणून ती उशी घरीच ठेवी आणि जुनी बॉबिने जमवून काचेच्या कपाटात मांडी.

त्या दिवशी तिने हाडाचे एक बॉबिन आणले. त्यावर लाल ठिपक्यांनी ‘केझाया’ हे कुणा जुन्या विणकरणीचे नाव कोरले होते. टोकाचे मण्यांचे कडे मात्र तुटून गेले होते.

“मण्यांशिवाय हे उशीवर गडगडत राहणार,” शेजारी विणत बसलेली थर्झा म्हणाली. “पण तुला काय, तुझ्या कपाटात भरती!”

“तुझ्या जिभेपेक्षा बरं. ती कपाटातही मावायची नाही.”

बायका हसल्या. बॉबिनला मणी मैत्रिणींनी द्यायचे, ही तिथली जुनी रीत. कुणी तुटक्या माळेतला निळा मणी दिला, कुणी आईच्या कोटाचे बटण. थर्झाने सगळे तारेत ओवून बॉबिनच्या टोकाला अडकवले आणि स्वतःची उशी एनिडपुढे सरकवली.

“आता हे कपाटात ठेवलंस तर आमचे मणी परत कर, बाई.”

“अगं, हात थरथरतो माझा.”

“थरथरू दे. दोरा ताणून धरायला मणी आहेत ना!”

एनिडने बॉबिनवर दोरा गुंडाळला आणि पहिला पीळ घातला. मणी जरा जास्तच किणकिणले, पण तिने हात मागे घेतला नाही.

“पुढच्या गुरुवारी माझी उशी उचलायला कुणीतरी घरी या,” ती म्हणाली. “जड आहे मेली.”