उपाशीपोटी साडेचार हजार मीटर

आमचे दिनकरराव म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममध्ये, एका सपाट ऑफिसात बसून पेरू देशातल्या चांदीच्या खाणीला हवा पुरवत. खाण साडेचार हजार मीटर उंचीवर. तिच्या बोगद्यांत पंखे कुठे बसवायचे, किती जोरात फिरवायचे, हे यांच्या कॉम्प्युटरवर ठरे. नवा जावई सासुरवाडीबद्दल बोलतो त्या कौतुकानं ते खाणीबद्दल बोलत. पाहिली मात्र कधीच नव्हती.

२००६ साली नवे पंखे चालू करायला कोणीतरी वर जायचं ठरलं. पन्नाशी उलटलेल्या दिनकररावांनी हट्टानं नाव दिलं. पुन्हा अशी संधी येणार नव्हती. अट एकच, विरळ हवेच्या खोलीतली डॉक्टरी तपासणी.

ती नेमकी संकष्टीला आली. एरवी संकष्टी कुसुमवहिनींच्या खात्यातली. पण काम मोठं, म्हणून या वेळी दिनकररावांनीही धरली, तीही पाण्याशिवाय. वहिनी म्हणाल्या, "अहो, गणपती समजून घेईल, डॉक्टर नाही घेणार. दोन घास खाऊन जा."

हे तसेच गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, न्याहारी झाली का? आता आपल्याकडच्या माणसाला हा प्रश्न कोणीही विचारला, की पोटात कावळे ओरडत असले तरी तो "हो, आत्ताच झाली" म्हणतो. समोरच्याला उगाच त्रास नको. दिनकररावही तेच म्हणाले, आणि त्या खोलीत थोड्याच वेळात भोवळ येऊन खुर्चीवरून घसरले.

दुसऱ्या दिवशी खरं सांगायला गेले. वाटलं, बाई हसतील, नवी तारीख देतील. बाई हसल्या नाहीत.

"उपाशी माणसाला मी पुन्हा तपासलं असतं," त्या म्हणाल्या. "पण वर डोकं दुखायला लागलं की लगेच सांगावं लागतं. लपवणारा कधी कधी सकाळी उठत नाही. तुम्ही लपवाल."

वादात हरले की दिनकरराव जर्मनमध्ये "गेनाऊ" म्हणत, म्हणजे अगदी बरोबर. तेवढंच म्हणून घरी आले.

त्यांच्याऐवजी होल्गर नावाचा तरुण सहकारी गेला. दिनकररावांनी त्याला बोगदा न् बोगदा समजावून दिला. पण वर पोचताच त्याचं डोकं दुखू लागलं, त्यानं ते सांगितलं, आणि त्याला खाली आणलं. पंखे तिथल्याच माणसांनी चालू केले. ऑफिसातले साहेब खूश झाले. यापुढे इथून कोणाला पाठवायची गरजच नाही, म्हणाले.

हे मला दिनकररावांनीच सांगितलं, स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता. सांगून झाल्यावरही ते सोलतच राहिले. दोघांच्या भाजीला इतके बटाटे लागत नाहीत. वहिनींनी मोठं पातेलं काढलं.