मोठ्याने वाचायचा तास

नववीच्या वर्गाने बाईंना ‘डबेबाई’ हे नाव ठेवलं होतं, कारण मधल्या सुट्टीत त्या पोरांच्या डब्यांत डोकावत. बाई गृहविज्ञान शिकवायच्या. पुस्तकातली अन्नघटकांची चित्रं रंगवून कुणाच्या पोटात काही चांगलं जात नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. म्हणून शनिवारचा तास दुकानात घ्यायचं त्यांच्या मनात आलं. बाजारातल्या सगळ्या दुकानदारांनी कानावर हात ठेवले. धाकट्या दिरांचं किराण्याचं दुकान होतं. ते भिडेखातर हो म्हणाले.

बाईंची सवय मात्र वर्गातलीच. “पाकिटामागचं बारीक अक्षर वाच. पुटपुटू नकोस, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”

चष्मेवाली पोरगी खणखणीत वाचू लागली. संत्र्याचं चित्र असलेल्या बाटलीत संत्रं औषधालाही नव्हतं. ते ऐकून एका गिऱ्हाइकाने हातातली बाटली परत ठेवली. मागच्या दोघांनीही.

तास संपल्यावर दीर म्हणाले, “वहिनी, माझ्याच दुकानात माझ्याच नावाची दवंडी? तुमची पोरं शहाणी होतील, मी बसतो माशा मारत. पुरे आता.”

“भावजी, मनात वाचतील. ओठसुद्धा हलणार नाहीत. पण तास बंद करू नका.”

“आणि गिऱ्हाइकाशी चकार शब्द नाही.”

“नाही.”

पुढच्या शनिवारी पोरं मांडणीसमोर मुकाट उभी होती. तेवढ्यात एक आजी आल्या. तापातून उठलेल्या नातवासाठी त्यांना दुधात घालायची शक्तीची पूड हवी होती. डबा त्यांनी चष्मेवालीपुढे धरला.

“मला मेलीला दिसत नाही गं. चांगलं आहे ना हे?”

पोरीने तो डबा नुकताच वाचला होता. निम्म्याहून जास्त साखर. तिने बाईंकडे पाहिलं. गल्ल्यावरून दीरही बाईंकडेच बघत होते. बाईंनी मान हलवली. अगदी जराशी, नको अशी.

“ठाऊक नाही, आजी.”

“अगंबाई! मग शाळेत शिकवतात तरी काय तुम्हाला?” आजी हसून म्हणाल्या आणि डबा घेऊन गेल्या.

दीर खूश झाले. “असं असेल तर वर्षभर या की, वहिनी.”

“बरं,” बाई म्हणाल्या आणि पोरांना पुढची मांडणी दाखवली. चष्मेवाली रस्त्याकडे तोंड करून दारात उभी राहिली होती. बाईंनी तिला हाक मारली नाही.