न दिलेला आदेश

ओरगडमच्या कारखान्यात नेणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आज डिझेलचा वास भरला आणि मला वीस वर्षांपूर्वीचा चेन्नई बंदराचा तापलेला धक्का आठवला.

मी पाणबुडीवर खलाशी होतो. तिथे एक रीत असते. कप्तानाचा आदेश आधी मोठ्याने परत म्हणायचा, मगच हात चालवायचा. बंदरात शिरताना मी घाईत, कुणी न सांगताच एक झडप उघडली. पाणी बॅटरीपर्यंत गेलं. माणसं तेवढी बचावली.

धक्क्यावर मोठ्या साहेबांनी विचारलं, "आदेश कुणाचा होता?"

"माझा," आमचे कप्तान म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळले. "तू तो परत म्हटला होतास?"

कप्तान समुद्राकडे बघत होते. त्यांच्या शर्टाला डिझेलचा वास येत होता.

"हो, सर," मी म्हणालो.

जाताना कप्तान मला एवढंच म्हणाले, "जेवून घे." त्यांना पुन्हा कधी पाणबुडी मिळाली नाही.

तेव्हा वाटलं होतं, सुटलो. आता माझ्याही हाताखाली माणसं आहेत. कप्तानांनी कधी दिलाच नव्हता तो आदेश मी अजून ओठातल्या ओठात परत म्हणतो, "झडप उघडतो, सर."