कल्हई केलेली चांदी

ब्रह्मपुरीच्या बाजारात गुणवंतरावांचं भांड्यांचं दुकान आहे. पुढे नवं स्टील, मागे मोडीत आलेलं जुनं. त्या मोडीत कधीमधी साहेबांच्या जमान्यातलं काही निघतं. एखादा ट्रे, रस्सा वाढायचं भांडं, लांब दांड्याचा डाव. ते चांदीचं की नुसतं चमकणारं, हे गुणवंतरावांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, अशी रीतच पडली होती. त्यांची परीक्षा तरी काय, तर भांडं उपडं करायचं. खाली ई पी एन एस ही इंग्रजी अक्षरं असली तर आत पांढरा धातू, वर चांदीचं पाणी, भाव बरा. अक्षरं नसली तर मोड. एवढ्या भांडवलावर माणूस पंचक्रोशीत जाणकार म्हणून मिरवला!

एका बाजाराच्या दिवशी मुखरू आला. हातात फडक्यात गुंडाळलेलं झाकणाचं लांबोळकं भांडं, मागे गावातली चारदोन टवाळ माणसं. मुखरूचे वडील जंगलातल्या बंगल्यावर खानसामा होते. विलायतेला परत जाताना साहेबानं ते भांडं त्यांना दिलं होतं. मुखरूला ते विकायचं नव्हतं. भांडं चांदीचं आहे असं तो सांगत आला होता, टवाळ मानत नव्हते; त्याला फक्त निकाल हवा होता.

"भाऊ, सांगा यायले. चांदीचं हाये का नाई?"

गुणवंतरावांनी भांडं उपडं केलं. अक्षरं नाहीत. झाकणाच्या उंचवट्यांवर लालसर तांबं डोकावत होतं. दुकानात गिऱ्हाईक भरपूर होतं, आणि गिऱ्हाईक भरपूर असलं की गुणवंतरावांना विनोद सुचतो.

"मुखरू, सायबाची चांदी झाली अन् तुह्या बापाले तांबं भेटलं! कल्हई उडाली याची, दुसरं काई नाई."

दुकान खदखदून हसलं. मुखरूचा चेहरा उतरलेला पाहून गुणवंतरावांनी मोठेपणा दाखवला. "ठेवून जाय. कल्हई करून देतो, फुकटात."

कल्हईवाल्याच्या भट्टीत कडेची नक्षी गळून पडली. "आत शिसं भरलं होतं, भाऊ," तो म्हणाला. "पाह्य, म्हणजे नकलीच," गुणवंतराव म्हणाले. मुखरूनं लखलखतं भांडं फडक्यात गुंडाळून नेलं. त्या दिवसापासून गावात त्याचं नाव चांदीवाला पडलं, आणि मरेपर्यंत ते सुटलं नाही.

तो गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात नागपूरहून रंजीता नावाची बाई दुकानात आली. जुन्या वस्तूंचा व्यापार करणारी, तरतरीत. मोडीतलं काही मिळतं का पाहायला आली होती. तिच्या पिशवीत एक ट्रे होता. खाली अक्षरं नाहीत, उंचवट्यांवर तांबूस डाग. गुणवंतरावांनी तो हातात घेऊन उपडा केला आणि न मागता सल्ला दिला, "मॅडम, खाली अक्षरं नाहीत. कल्हई करून घ्या."

तिनं ट्रे हिसकावूनच घेतला. "कल्हई? अहो, विजेनं चांदीचं पाणी द्यायची कला निघाली नव्हती तेव्हाचं आहे हे. तांब्यावर चांदीचा पत्रा बसवून दोन्ही एकत्र लाटत. तुमची ती अक्षरं नंतरची. तांबं डोकावतं म्हणूनच तर ओळखायचं. कडेवरून नख फिरवा, चांदी दुमडलेली लागेल. नक्षीसुद्धा चांदीच्या पातळ पत्र्याची, आत शिसं भरून केलेली. अक्षरवाल्यापेक्षा कितीतरी भाव येतो याला."

"अन् कुणी कल्हई केलीच तर?"

"मग उरलं काय? मोड. पण इतकं अडाणी कोण असेल?"

गुणवंतराव कुणाचं नाव घेणार?

दुसऱ्या दिवशी ते मुखरूच्या बायकोकडे, सोनीबाईकडे गेले. हातात नवीन स्टीलचं पातेलं. पातेलं दिलं, पाणी प्यायले, पावसाच्या गोष्टी केल्या आणि तोंड न उघडता परत आले. शहाण्यासुरत्या माणसाला असं वागताना पाहिलं की चीड येते. आठवडाभर त्यांना जेवण गेलं नाही. ताट वाढलं की मुखरूचा तो उतरलेला चेहरा समोर येई. शेवटी पुन्हा गेले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

सोनीबाई सुपातले तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"म्हंजे ते खरं बोलत होते."

"हो, बाई."

"मीबी त्यायले म्हणत होती, काऊन खोटं बोलता, भाऊनं पाह्यलं ना. शेवटी शेवटी तं ते बोलतच नव्हते त्याच्याबद्दल." तिनं सूप बाजूला सारलं. "लोकायचं जाऊ द्या. मी घरची होती."

"भांड्याची किंमत मी भरून देतो, बाई..."

"पैशे ठेवा तुमच्यापाशी. बाजाराच्या दिवशी हासले होते ना सगळ्यायसमोर? मंग बाजाराच्या दिवशीच सांगा."

बाजाराच्या दिवशी ती भांडं घेऊन आली, त्याच टवाळांना सोबत आणून. गुणवंतराव गल्ल्यावरून उठून ओट्यावर आले. त्यांनी आवाज मोठा काढला. "मुखरू खरा होता. भांड्यावर खऱ्या चांदीचा पत्रा होता. मले ओळखता आलं नाई. वरून कल्हई करून मीच त्याची माती केली."

 टवाळांतला एक म्हातारा गहिवरून म्हणाला, "मोठ्या मनाचे हो भाऊ तुमी! मेलेल्या माणसाची लाज राखून राह्यले."

"लाज नाई राखत, बावा! खरं सांगून राह्यलो!"

"असं कोन करते आजकाल? दुसऱ्यासाठी सोतावर घेनं!"

गुणवंतरावांनी शपथ घेतली. लोकांना ते आणखीच थोर वाटले. एकानं तर पाया पडायला हात पुढे केला. गुणवंतरावांनी पाय मागे ओढले, कढत तव्यावर पडल्यासारखे.

ते सोनीबाईकडे वळले. "आता काय करू, बाई? कोनी मानूनच नाई राह्यलं."

"आमचे मालक सांगत होते तवा तरी कोन मानत होतं?" तिनं भांडं फडक्यात गुंडाळलं. "तरी किती वर्सं सांगत राह्यले ना? पुढच्या बाजारीबी सांगा."

पुढच्या बाजारी ती लवकर आली आणि दुकानाच्या पायरीवर बसली. गुणवंतरावांनी शटर वर केलं, तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला हाक मारली, "इकडे या, तुमाले एक सांगाचं हाये."