आखूड होणारी तार

बारावीत आमचा दोघींचा सौदा पक्का होता. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासचा होमवर्क आला की कॅल्क्युलस मी शिकवायचं, जेनेटिक्स तिनं. मैत्रीण हुपरीची, रोज बसनं यायची. घरी चांदीच्या पैंजणांचं काम. कॅल्क्युलसच्या लागोपाठ दोन चाचण्यांत ती आपटली आणि तिच्या वडिलांनी जाहीर केलं, "सोमवारपासनं क्लास बंद. घरात कामाला हात कमी पडत्यात." मग काय, रविवारी सकाळीच मी पुस्तकं घेऊन हुपरीत हजर. गणितातली शहाणी ना मी!

आधी तिनंच मला शिकवलं. जेनेटिक्सच्या पुस्तकातल्या वाटाण्यांऐवजी पैंजणांची घुंगरं मांडली, मोठी-बारीक, चकचकीत-मळकट. कागदावर आखलेल्या सोळा घरांत ती नऊ, तीन, तीन, एक अशी पडली आणि माझ्या टाळक्यात लख्ख उजेड पडला. एवढं सोपं? आम्ही इतक्या खिदळलो की तिची आई आतून ओरडली, "नुसती दात काढायला बसलायसा व्हय गं?"

मग माझी पाळी. गणित असं: तार ओढताना तिची जाडी अमुक वेगानं कमी होते, तर लांबी किती वेगानं बदलेल? मी झोकात सोडवलं, खाली दोन रेघा मारल्या आणि मोठ्यानं वाचलं, "लांबी मिनिटाला चार सेंटिमीटरनं कमी होते."

कोपऱ्यात तिचे वडील खरोखरच चांदीची तार ओढत होते. त्यांचा हात थांबला.

"काय म्हणलीस पोरी? वडल्यावर तार आखूड व्हतीया?"

"काका, गणितात तसंच येतंय," मी ठासून म्हणाले. माणूस असा हसला की हातातली पक्कड खाली पडली. शरमेनं माझे कान तापले.

मैत्रीण मात्र हसली नाही. माझी वही ओढून घेऊन ओळीवरून बोट फिरवत गेली आणि एकदम किंचाळली, "अगं येडे, जाडी घटतीया! तिचा वजा तू घेतलाच न्हाईस की!" तिनं खोडलं, पुन्हा मांडलं. चार सेंटिमीटर वाढ! मग आम्ही उचक्या लागेपर्यंत लोळलो. चूक माझी होती, तरी मला नुसतं नाचावंसं वाटत होतं.

वडील जवळ येऊन बसले. "परत सांग बघू." तिनं सांगितलं, अगदी सावकाश.

"आठवीत शाळा सोडली मी," ते म्हणाले. "जे रोज करतुया त्येला गणित म्हणत्यात हे मला कुणी सांगितलंच न्हाय."

मग वही मिटून त्यांनी तिच्या दप्तरात घातली. "उद्या सातची बस हाय. चुकवू नको."